करण घेलो : एका राजाला वेडा कोणी ठरवले?

बडोद्यासारख्या गावात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाच्या वाट्याला दोन इतिहास येतात. एक घरचा : शिवनेरी, रायगड, पानिपत आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या दमाजीराव-सयाजीरावांच्या हकिकती. दुसरा शाळेतला आणि शेजारच्या गुजराती घरातला : वनराज चावडा, सिद्धराज जयसिंह, कुमारपाळ, राणकदेवी, जसमा ओडण. या दुसऱ्या मालिकेच्या शेवटी एक नाव येते आणि ते ऐकून मुले हसतात. करण घेलो. घेलो म्हणजे वेडा. ज्या गादीवर बसलेल्या राजाला लोकांनी 'सिद्धराज' म्हटले, त्याच गादीच्या शेवटच्या राजाला लोकांनी वेडा म्हटले, आणि सातशे वर्षे झाली तरी ते विशेषण सुटलेले नाही.

या राजाची गोष्ट आपल्याला परकी नाही. त्याची राजधानी अणहिलवाड पाटण पुढे गायकवाडांच्या मुलखात आली आणि बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत तिथेच राहिली. त्याच्या पडत्या काळात त्याला आसरा मिळाला तो आपल्या बागलाणात. त्याची मुलगी सून म्हणून निघाली होती ती देवगिरीला, रामदेवराय यादवाच्या घरी. आणि ज्या माणसाने आधुनिक काळात ही गोष्ट घरोघरी पोहोचवली, त्याच्या मुलाने आणि नातीने बडोद्यातच नाव काढले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला. मध्ययुगातली एक दंतकथा पुढच्या प्रत्येक शतकाने आपल्या सोयीने कशी सांगितली, आणि त्या सांगण्यात काय टिकले, काय गळाले, एवढेच पाहायचे आहे.

निश्चित असे काय आहे?

आधी पक्के ते मांडू. वाघेला वंशातला राजा कर्ण, लोकांच्या बोलीत करण, १२९६ च्या सुमारास आपला चुलता सारंगदेव याच्या मागून पाटणच्या गादीवर आला. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने, सुलतान होण्यापूर्वीच, देवगिरीवर अचानक चालून येऊन अपार संपत्ती लुटून नेली होती. ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन त्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. तिच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा गौरव आहे, तोच हा रामदेवराय.

१२९९ मध्ये अल्लाउद्दीनने उलुघखान आणि नुसरतखान या दोन सरदारांना गुजरातवर पाठवले. पाटण पडले, सोमनाथ लुटले गेले, खंबायतचे श्रीमंत बंदर लुटले गेले. खंबायतेत हाती लागलेला एक गुलाम पुढे मलिक काफूर म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्यानेच दक्षिणेचा इतिहास बदलला. करण पळाला. त्याची राणी कमलादेवी पकडली गेली आणि दिल्लीला सुलतानाच्या जनान्यात दाखल झाली. पुढे १३०७ च्या सुमारास मलिक काफूर देवगिरीवर चालून आला, रामदेवरायाला दिल्लीला नेण्यात आले आणि 'रायरायान' हा किताब देऊन मांडलिक म्हणून परत पाठवण्यात आले. करण इतिहासातून नाहीसा होतो तो याच धामधुमीत.

एवढा सांगाडा आहे. पण पाटणसारखे राज्य, ज्याच्या व्यापाराचा आणि देवळांचा डंका दूरवर वाजत होता, ते एका स्वारीत कोसळावे हे लोकांना पटेना. कारण हवे होते. मोठ्या पडझडीला लोकांना माणसाच्या मापाचे कारण हवे असते. ते एका प्रधानाच्या घरात सापडले.

माधवचा सूड

जैन आचार्य जिनप्रभसूरी हे जवळजवळ त्याच काळातले. माधव नावाच्या मंत्र्याच्या चिथावणीवरून दिल्लीची फौज गुजरातेत आली, असे ते थोडक्यात नोंदवतात. माधवने असे का केले, याच्या तपशिलात ते शिरत नाहीत. दीडशे वर्षांनी, १४५५ मध्ये, जालोरच्या दरबारी पद्मनाभ कवीने 'कान्हडदे प्रबंध' रचला. त्यात कारण सापडते. राजाने माधवचा अपमान केला, त्याचा भाऊ केशव याला मारले आणि केशवची बायको राजवाड्यात आणली. माधव रागाने दिल्लीला गेला आणि फौज घेऊन आला.

पुढे भाटांच्या तोंडी ही गोष्ट आणखी बदलली. पळवलेली स्त्री आता केशवची राहिली नाही, ती खुद्द माधवची झाली. केशव तिला वाचवताना मेला. बदल लहान वाटतो, पण नीट पाहिले तर गोष्टीचा सगळा तोल त्याने बदलतो. भावाच्या खुनाचा सूड हा एक प्रकार, आणि बायको पळवली म्हणून देशाचे दार उघडणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात ऐकणाऱ्याला रामायण आठवते. राजा रावण होतो. मग लंका जळणारच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बरनी, इसामी, फिरिश्ता या फार्सी इतिहासकारांना या माधवाचा पत्ताच नाही. जिंकणाऱ्यांना आपल्या विजयासाठी फितुराची गरज भासली नाही. त्यांच्या लेखी ती नेहमीची मोहीम होती. फितूर हवा होता तो हरलेल्यांना. आपण शूर होतो, आपली भिंत भक्कम होती, आतून कोणी कडी काढली म्हणून पडलो, ही समजूत हरलेल्या समाजाला जगायला मदत करते. आपल्या मराठी इतिहासातल्या पराभवांच्या गोष्टी आठवून पाहा. तिथेही प्रत्येक किल्ल्याच्या तटाला एक फितूर टेकून उभा असतो. काही खरे असतात, काही गरजेपोटी जन्मतात.

वढवाणला माधावाव नावाची पायऱ्यांची विहीर आहे. ती माधव आणि केशव या भावांनी बांधली असे लोक मानतात आणि तिचा काळ १२९४ सांगतात. तिला पाणी लागेना म्हणून घरच्या मुलाने आणि सुनेने आपला बळी दिला, असे एक गाणे गुजराती बायका आजही गातात. म्हणजे एका तोंडाने लोक माधवला देशद्रोही म्हणतात आणि दुसऱ्या तोंडाने त्याच्या विहिरीचे गाणे गातात. लोकांची आठवण अशी असते. ती न्यायाधीशासारखी एकच निकाल देत नाही.

खुस्रोची प्रेमकथा आणि वेरूळची चकमक

दिल्लीच्या दरबारात मात्र या पराभवाची अगदी वेगळी गोष्ट झाली. अमीर खुस्रो हा खिलजींच्या दरबारचा थोर कवी. अल्लाउद्दीनचा थोरला मुलगा खिज्रखान याच्या सांगण्यावरून त्याने एक दीर्घ काव्य लिहिले आणि १३१६ च्या सुमारास पुरे केले. नायक खिज्रखान, नायिका करणाची मुलगी देवलदेवी. तिचे नाव खुस्रोने 'दुवल राणी' असे बदलले, कारण त्या शब्दातून फार्सीत दौलतीचा, राज्यांचा अर्थ निघतो. मुलीचे नावसुद्धा तिचे राहिले नाही.

खुस्रो सांगतो ते असे. कमलादेवीला दोन मुली होत्या. थोरली वारली. धाकटी देवल, आई पकडली गेली तेव्हा सहा महिन्यांची होती आणि बापाबरोबर राहिली. दिल्लीत आईने सुलतानाकडे मागणे केले की माझी मुलगी मला आणून द्या. सुलतानाने फौज धाडली. देवगिरीच्या राजपुत्राला ती बायको म्हणून हवी होती आणि ती तिकडे निघालीही होती, पण वाटेत गाठली गेली. तिच्या घोड्याला बाण लागला आणि ती सापडली. दिल्लीत खिज्रखानाची आणि तिची मैत्री झाली, प्रेम झाले, विरह झाला आणि शेवटी लग्न झाले. ते लग्नही गाजावाजा न करता झाले, कारण आधी मामाच्या मुलीशी त्याचे लग्न वाजतगाजत लावून दिलेले होते.

फिरिश्ताने हीच हकिकत तीनशे वर्षांनी, विजापूरच्या आदिलशाहीत बसून, पुन्हा सांगितली. तो दख्खनचा लेखक, त्यामुळे त्याच्या सांगण्यात आपला मुलूख जिवंत होतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव देवलसाठी आधीपासून मागणी घालत होता, पण करण नाही म्हणत होता. कारण? करण रजपूत आणि शंकरदेव मराठा. राज्य गेले, राणी गेली, बागलाणातल्या डोंगरात दिवस काढायची पाळी आली, तरी सोयरिकीतली उच्चनीचता सुटली नव्हती. शेवटी फौज अगदी जवळ आली तेव्हा तो तयार झाला. शंकरदेवाने आपला भाऊ भीमदेव याला नवरी आणायला पाठवले.

आणि मग वेरूळ. दिल्लीच्या फौजेचा मुक्काम पडला असताना काही शेकडा शिपाई वेरूळची लेणी पाहायला गेले. तिथे त्यांना दुरून देवगिरीचे स्वार येताना दिसले. ते आपल्यावरच चालून आले असे वाटून शिपायांनी लढाई सुरू केली. त्या स्वारांच्या मधोमध नवरी होती. घोडा जखमी झाला, दासी ओरडली की ही करणाची मुलगी आहे, आणि देवगिरीची सून दिल्लीला गेली. लेणी पाहायची हौस हे एका मुलीचे आयुष्य फिरायचे कारण ठरले, असे फिरिश्ता सांगतो. खरेखोटे त्यालाच माहीत. पण कैलास लेण्यासमोर उभे राहताना ही गोष्ट आठवली की ते आवार नेहमीसारखे राहत नाही.

खुस्रोच्या हिशेबाने देवल त्या वेळी आठेक वर्षांची होती आणि खिज्रखान दहाएक वर्षांचा. ही ती प्रेमकथा.

तिचा शेवटही पाहू. बापाच्या मृत्यूच्या वेळी, १३१६ मध्ये, मलिक काफूरने खिज्रखानाचे डोळे काढवले. तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत होता आणि देवल त्याच्याबरोबर होती. दोनेक वर्षांनी त्याचा भाऊ सुलतान मुबारक याने त्याला तिथेच मारवले. आपले ग्वाल्हेरकर वाचक तो किल्ला रोज पाहतात. त्यानंतर देवल मुबारकच्या जनान्यात गेली असे नंतरचे लेखक सांगतात. खुस्रोने आपल्या काव्याला हा शोकान्त मागाहून जोडला.

देवलदेवी मुळात झालीच नाही, ती खुस्रोची कल्पना, असे म्हणणारे इतिहासकार आहेत; खुस्रो त्याच दरबारात वावरत होता, राजपुत्राच्या तोंडावर त्याच्या बायकोविषयी खोटे कसे रचेल, असे म्हणणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. पण एक नोंद या वादात कोणी फारशी काढत नाही. इसामी नावाच्या इतिहासकाराने १३५० च्या सुमारास दख्खनमध्ये बसून लिहिले आहे की रामदेवरायाची स्वतःची एक मुलगीही अल्लाउद्दीनच्या जनान्यात गेली. तिची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पाटणच्या मुलीची गोष्ट गुजरातने सातशे वर्षे जपली. देवगिरीच्या मुलीचे नाव आपल्या घरांत कोणाला माहीत आहे?

मास्तरसाहेबांची कादंबरी

आता एकदम साडेपाचशे वर्षे पुढे येऊ. १८५६ मध्ये अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने कवी दलपतराम यांच्या मदतीने गुजरातचे रासे, प्रबंध, भाटांच्या कथा गोळा करून 'रासमाळा' हा इंग्रजी ग्रंथ छापला. त्यात करणाची गोष्ट आली. तोंडातोंडी फिरणाऱ्या कथेला छापील रूप मिळाले.

सुरतेत नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे इंग्रजी शाळेचे हेडमास्तर होते. लोक त्यांना मास्तरसाहेबच म्हणत. शिक्षणखात्यातले रसेल नावाचे साहेब त्यांना म्हणाले की इंग्रजीत जशा गोष्टी असतात तशा गुजरातीत लिहा. त्यांनी करण निवडला. १८६६ मध्ये 'करण घेलो : गुजरातनो छेल्लो रजपूत राजा' प्रसिद्ध झाली. गुजरातीतली ही पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. आपल्या मराठीत गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. गुंजीकर बेळगावकडच्या जांबोटीचे. म्हणजे ऐतिहासिक कादंबरी या दोन्ही भाषांत पाच वर्षांच्या अंतराने आणि एकाच हवेत जन्मली.

ती हवा कशी होती? १८५७ होऊन गेले होते. राज्य गेलेले होते आणि ते का गेले हा प्रश्न शिकलेल्या माणसाच्या मनात होता, पण तो उघड विचारायची सोय नव्हती. सरकारी शाळेचा हेडमास्तर तर मुळीच विचारू शकत नव्हता. मग साडेपाचशे वर्षांमागच्या राजाला विचारावे. नंदशंकरांच्या कादंबरीत उत्तर नीतीचे आहे : राजा कामांध झाला, प्रधानाची बायको रूपसुंदरी पळवली, केशव मारला गेला, त्याची बायको गुणसुंदरी सती गेली, आणि त्या पापाचे फळ सगळ्या राज्याने भोगले. पाप, प्रायश्चित्त, पतन. साहेबाच्या शाळेत शिकवायला योग्य आणि आपल्या पुराणांनाही धरून.

पण मास्तरसाहेबांना दोष देऊन भागत नाही. सूडाने पेटलेला माधव नागर ब्राह्मण आणि नंदशंकरही नागर ब्राह्मण. आपल्याच ज्ञातीतला माणूस गुजरातचे दार उघडतो ही गोष्ट सांगायला धैर्य लागते. आणि देवलदेवी व शंकरदेव यांच्यात त्यांनी प्रेम फुलवले. रजपूत-मराठा हा फिरिश्ताचा अडसर त्यांनी ठेवला, पण मनाने तो ओलांडला. देवगिरीचा मराठा राजपुत्र गुजरातच्या पहिल्या कादंबरीत प्रियकर म्हणून येतो, ही गोष्ट आपण गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसांनी विसरू नये.

कादंबरीवरून लगेच पारशी मंडळींनी नाटक उभे केले. १९२४ मध्ये पाटणकरांनी मूकपट काढला. शतकभरात 'घेलो' हे विशेषण राजाच्या नावाला इतके चिकटले की त्याचे खरे नाव कर्ण होते हे सांगावे लागते.

राजाची बाजू

स्वातंत्र्य आले आणि प्रश्न बदलला. आता 'आपण का हरलो' याइतकाच 'आपण लढलो की नाही' हा प्रश्न महत्त्वाचा झाला. धूमकेतूंची 'राय करण घेलो' आणि कन्हैयालाल मुनशींची १९५५ मधली 'भग्न पादुका' या कादंबऱ्यांत करण वेगळाच उभा राहिला. मुनशी म्हणजे बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, अरविंद घोषांच्या हाताखाली शिकलेले, पाटणच्या वैभवावर कादंबऱ्यांची मालिका लिहिणारे आणि सोमनाथच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेणारे. त्यांना गुजरातचा शेवटचा राजा विषयासक्त वेडा म्हणून पटणे शक्य नव्हते. त्यांचा करण हरतो, पण झुंजतो.

मराठीतही ही कथा आली, ती अगदी निराळ्या अंगाने. सावरकरांनी १९६३ च्या 'सहा सोनेरी पाने'मध्ये देवलदेवीला बळी म्हणून न पाहता, १३२० मध्ये मुबारकला मारून दिल्लीचे तख्त घेणाऱ्या खुस्रोखानाच्या जोडीने डाव रचणारी स्त्री म्हणून रंगवले. खुस्रोच्या काव्यातली अबोल नायिका इथे राजकारण करते. समकालीन साधनांत या डावाला आधार फार तोकडा आहे, हे सांगितले पाहिजे. पण लेखकाला तिचे गप्प बसणे सोसले नाही, हे समजण्यासारखे आहे.

तर इतक्या जणांनी एकाच राजाची गोष्ट सांगितली. जैन आचार्याने फितुरी नोंदवली. जालोरच्या कवीला अधर्म दिसला, दिल्लीच्या कवीला प्रेम दिसले. विजापूरच्या इतिहासकाराने दैवयोग सांगितला. सुरतेच्या मास्तरांनी नीती शिकवली, स्वतंत्र भारताच्या कादंबरीकारांनी पराक्रम दाखवला. प्रत्येकाने आपल्या काळाला जे ऐकायचे होते ते या एका राजाकडून वदवून घेतले.

एक दगड

या सगळ्या कथांच्या मध्ये एक दगड आहे. बडोद्याजवळ सांपला येथे सापडलेला शिलालेख, विक्रम संवत १३६०, म्हणजे ऑगस्ट १३०४ चा. त्यात पाटणला कर्ण राज्य करीत असल्याचे म्हटले आहे. १३०४! पाटण पडून पाच वर्षे झाली होती. मेरुतुंग हा जैन ग्रंथकारही करणाच्या राज्याचा शेवट त्याच संवतात देतो.

याचा अर्थ साधा आहे. १२९९ च्या स्वारीनंतर फौज लूट घेऊन परतली आणि करण आपल्या राजधानीत परत आला. जळलेल्या शहरात, लुटलेल्या देवळांत, राणीवाचून, पाच वर्षे त्याने राज्य चालवले. दुसरी फौज आली तेव्हाच तो कायमचा बाहेर पडला. परत येणारा, मोडलेले पुन्हा जोडणारा हा राजा कुठल्याच जुन्या गोष्टीत नाही. कारण पाप आणि पतन यांच्या मध्ये पाच वर्षांची धडपड आली की गोष्टीची धार जाते. म्हणून गोष्टीने ती पाच वर्षे गाळली.

त्याने कोणाची बायको पळवली की नाही, हे त्या दगडावरून कळत नाही. पळवलीही असेल. म्हणून दगड सापडला की राजा निर्दोष ठरला असे नाही. पण वेडा म्हणताना निदान ही पाच वर्षे हिशेबात धरायला हवीत.

आणि स्त्रिया? केशवची बायको, की माधवची, याविषयी कथांमध्ये सहाशे वर्षे घोळ चालला, पण तिला काय वाटले हे कोणी विचारले नाही. कमलादेवीने मुलीला बोलावले ते मायेने की सुलतानाच्या मनात आले म्हणून, हे तिच्या तोंडून आपल्याला कळत नाही. देवलचे तर नावसुद्धा बदलले गेले.

इथे बडोद्याचा धागा पुन्हा जोडावासा वाटतो. नंदशंकरांचे चिरंजीव सर मनुभाई मेहता १९१६ ते १९२७ या काळात सयाजीराव महाराजांचे दिवाण होते. मनुभाईंची मुलगी हंसाबेन. तिने ज्ञातीबाहेर लग्न केले तेव्हा नागर समाजात मोठे वादळ उठले, आणि महाराजांनी तिला पाठिंबा दिला. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर काम करताना, १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा शब्दाऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द यावा यासाठी त्या ठाम राहिल्या, आणि तो आला. आजोबांनी रूपसुंदरी आणि देवलदेवी यांची गोष्ट लिहिली. नातीने जगाच्या कागदावर एक शब्द बदलून घेतला. या दोन्हींचा थेट संबंध जोडणे हे आपले मन करते, पुरावा नाही. तरी एकाच घरात ऐंशी वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला, ही आपल्या गावची गोष्ट आहे.

आपल्या मांडवात

गणेशोत्सवात आपली मुले ऐतिहासिक प्रवेश करतात. फेटे बांधले जातात, पुठ्ठ्याच्या तलवारी चमकतात, एक फितूर ठरवला जातो आणि त्याला सगळे मिळून हुसकावून लावतात. हे चालू राहावे. गोष्टींशिवाय मुलांना इतिहासाची गोडी लागत नाही, आणि नंदशंकरांशिवाय गुजरातलाही करण आठवला नसता. फक्त प्रवेश संपल्यावर, प्रसादाच्या रांगेत, मुलांना एकदोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली? जिंकलेल्याने की हरलेल्याने? या गोष्टीत कोण बोलत नाही? मुले चटकन उत्तरे देतात. मोठ्यांनाच अडखळायला होते.

आपल्यापैकी अनेक जण सुटीत मुलांना घेऊन घृष्णेश्वराला जातात आणि मग वेरूळला जातात. कैलास लेणे पाहून झाले की पोरे भुकेली असतात, गाडीकडे पळतात. तिथे एखाद्या झाडाखाली डबा उघडताना त्यांना सांगा : इथेच कुठेतरी आठ वर्षांची एक मुलगी घोड्यावरून देवगिरीला निघाली होती. गुजराती आणि मराठी अशी दोन्ही घरे तिची होणार होती, आणि ती दोन्हींना मुकली. ती खरी होती की नाही यावर पंडित भांडतात. पण आपल्यासारख्या, दोन भाषांच्या मध्ये घर केलेल्या माणसांनी तिची आठवण ठेवायला हरकत नाही. आणि जमलेच, तर देवगिरीच्या त्या दुसऱ्या मुलीचीही, जिची गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.